फवारा मारा, पण किती?
‘आकडी पाच मिनिटांवर गेली की मिडाझोलमचा (आकडी थांबवणाऱ्या औषधाचा) फवारा नाकात मारा’ हा सल्ला बरोबरच. पण किती फवारे? घोळ तिथेच होतो. साधारण हिशेब किलोमागे ०.२ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० मिग्रॅ. म्हणजे २० किलोच्या मुलाला ४ मिग्रॅ. बाटली फवाऱ्यामागे ०.५ मिग्रॅची असेल तर ८ फवारे, दोन्ही नाकपुड्यांत चार-चार. सर्दीच्या स्प्रेसारखा एकच मारला तर आकडी थांबणार कशी? उलट फवाऱ्यामागे १.२५ मिग्रॅची बाटलीही मिळते. तिचे ८ मारले तर श्वास मंदावू शकतो. म्हणून मुलाच्या आजच्या वजनावरून डॉक्टरांकडून फवाऱ्यांची संख्या लिहून घ्या आणि बाटलीवरच चिकटवा.

नवी बाटली आधी हवेत दाबून बघा, नाहीतर पहिले फवारे कोरडेच जातात. फवारे मारून झाले की मुलाला कुशीवर वळवून श्वासावर लक्ष, आणि १०८ ला फोन.