गिनी पिगला नक्की खायला काय द्यायचं? पावसात सुकं गवत टिकत नाहीये

डिचोलीकर७७

नमस्कार मंडळी. मुलीच्या हट्टापायी मे महिन्यात आमच्याकडे एक गिनी पिग आलाय, नाव लाडू, पांढरा-तपकिरी, दुकानदार म्हणाला सहा महिन्यांचा आहे, खरंखोटं देव जाणे. त्यानेच सोबत एक किलो खाद्य दिलं, पिशवीवर सशाचं चित्र, मी विचारलं अहो हे सशाचं ना, तर म्हणे दोघांचं एकच हो. तेव्हापासून वाटीभर ते खाद्य, गाजर, काकडी आणि आमच्या आईच्या कृपेने रोज सकाळी पोदेराकडच्या उंड्याचा, म्हणजे पाववाल्याकडच्या गोल पावाचा, तुकडा. उंडा म्हणजे त्याचा जीव की प्राण, पोदेराचा पों पों भोंपू वाड्याच्या टोकाला वाजला की हा पिंजऱ्यात दोन पायांवर उभा राहून वीक वीक वीक असा ओरडतो की शेजारी विचारतात काय झालं म्हणून.

सुकं गवत ऑनलाइन मागवलं होतं, टिमोथी का काय ते, पण जून लागला आणि पिशवीत कुबट वास यायला लागला, म्हणून बंद केलं. तसंही तो ते फारसं खात नव्हता.

आता गेले चार-पाच दिवस गडी गप्प आहे. खातो पण कमी, केस पिंजारल्यासारखे दिसतात, पूर्वी उड्या मारायचा त्या बंद, आणि काल मुलीने उचलला तर किंचाळला. मुलगी सातवीत आहे, रडकुंडीला आलीय. नेटवर एक जण म्हणतो पालक द्या, दुसरा म्हणतो अजिबात देऊ नका. कोणी पाळलाय का गोव्यात? आपल्या बाजारात मिळेल असं काय द्यायचं ते सांगा.

मडगावची_माई

माझ्याकडे तीन आहेत, पाच वर्षं झाली. दादा, आधी एकच सांगते, उद्याच डॉक्टरकडे न्या. उचलल्यावर किंचाळणं, उड्या बंद, केस राठ, खाणं कमी, ही सगळी व्हिटॅमिन सी कमी पडल्याची लक्षणं वाटतात. दुसरंही काही असू शकतं, दाताचं असू शकतं, म्हणूनच डॉक्टर. जाण्याआधी फोन करून विचारा की ससे आणि गिनी पिग बघता का, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बघत नाहीत. आणि ह्यांच्या बाबतीत "बघू दोन दिवस" चालत नाही हं, दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तरी आतडं थंड पडायला लागतं, ती इमर्जन्सीच समजा.

आता कारण. गिनी पिगच्या अंगात व्हिटॅमिन सी तयारच होत नाही, आपल्यासारखंच. सशाच्या होतं. म्हणून सशाच्या खाद्यात ते घातलेलं नसतं, आणि दुकानदार म्हणतो दोघांचं एकच! माझ्या पहिल्या पिगीला मीसुद्धा सहा महिने तेच घातलं, दुकानातल्या माणसावर विश्वास ठेवून, म्हणून एवढी तळमळून लिहितेय. रोज किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारी किंवा गाभण असेल तर जास्त. पोटात गेलंच नाही तर दोन-तीन आठवड्यांत सांधे सुजायला लागतात, हिरड्यांतून रक्त येतं. उचलल्यावर दुखतं ते त्यामुळेच असेल.

सोपा उपाय म्हणजे ढोबळी मिरची. रोज, न चुकता. हिरव्या ढोबळीचा दोन-तीन बोटं रुंद तुकडा, बिया काढून, पुरतो. लाल-पिवळीत सी आणखी जास्त असतं पण ती महाग आणि गोडसर, म्हणून मी रोज हिरवी आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले की एखादी लाल आणते. सोबत कोथिंबीर देठासकट, देठ तर ह्यांना पानांपेक्षा आवडतात. पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब घालायचे असं दुकानवाले सांगतील, ते नको. उजेडात काही तासांत त्यातला दम जातो, शिवाय पाण्याची चव बदलली की ही मंडळी पाणीच कमी पितात. माणसांच्या मल्टीव्हिटॅमिन गोळ्याही नकोत, त्यात ए आणि डी असतं, ते जास्त झालं की वेगळीच पंचाईत.

पालकाबद्दल दोघंही थोडे बरोबर आहेत. पालक आणि आपली तांबडी भाजी ह्यांत ऑक्झलेट असतं, रोज दिली तर मुतखड्याची भीती, आठवड्यातून एकदा दोन पानं दिली तर काही होत नाही. पिंजऱ्यात मूत वाळल्यावर चुन्यासारखा पांढरा थर दाट दिसायला लागला तर मात्र सावध व्हा. गाजर म्हणजे ह्यांची मिठाई, आठवड्यातून दोन-तीन चकत्या. काकडी चालते पण ती नुसतं पाणी. कोबीने पोट फुगतं, क्वचित द्या. कांदा, लसूण, बटाटा, अळूची पानं, काजू-शेंगदाणे, डाळी, दूध-दही ह्यातलं काही नको. आणि आईंना माझा नमस्कार सांगा, पण उंडा बंद. मैदा पोटात फसफसतो आणि दात झिजत नाहीत.

शेतातला_बाबूश

माईंनी सीचं सांगितलं, मी गवताचं सांगतो, कारण खरं जेवण तेच आहे, बाकी सगळं तोंडीलावणं.

ह्या प्राण्याचे विसाच्या वीस दात जन्मभर वाढतच राहतात, पुढचेही आणि दाढाही. दाढा झिजतात त्या गवत तासन् तास चावून चावून. मऊ खाद्याने झिजत नाहीत, मग त्या आत वळतात, जीभ अडकते आणि समोर ताट भरलेलं असून जनावर उपाशी मरतं. म्हणून ताटात १०० तला ८० वाटा गवताचा, दिवसरात्र समोर, निदान त्याच्या अंगाएवढा ढीग. गोळ्यांचं खाद्य मोठे दोन चमचे, बस. तुमचा गडी गवत खात नाही कारण त्याला वाटीभर गोळ्या मिळतायत. पोरांना जेवणाआधी चिवडा दिला तर ती भात खातील का? मात्र आत्ता तो आजारी आहे, खाद्य एकदम तोडू नका, बरा झाला की आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू कमी करा.

पावसाचं म्हणाल तर सुकं गवत गोव्यात जून ते सप्टेंबर म्हणजे डोकेदुखीच. मी काय करतो, मे महिन्यात कडक ऊन असताना मागवतो, एक दिवस उन्हात टाकतो, पूर्ण कोरडं झालं की तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून भरतो आणि रोज लागेल तेवढंच काढतो. पण हे गवत कोरडं असेल तरच. ओल लागलेलं डब्यात कोंडलं तर आतून बुरशी उठते. करडे-काळे ठिपके, हलवल्यावर धूळ उडणं, कुबट वास, ह्यातलं काहीही दिसलं तर सरळ माडाच्या आळ्यात टाका. पैशांकडे बघू नका. लाडूचं गवत बंद केलंत ते बरोबरच केलंत, पण त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही तिथे घोटाळा झाला.

आता पर्याय. पावसात हिरवं गवत आपल्याकडे पायलीला पन्नास! हरळी, म्हणजे दुर्वा, उत्तम. हाताने किंवा विळ्याने कापलेली. मशिनने कापलेलं लॉन देऊ नका, ते चेचलं जातं, ढिगात गरम होऊन आंबतं आणि पोट फुगतं. रस्त्याकडेचं नको, औषध मारलेल्या बागेतलं नको, उंदीर-कुत्री फिरतात तिथलं नको, पावसात उंदरांच्या मुताने काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. धुऊन, फडक्यावर पसरून पाणी निथळू द्यायचं आणि मगच द्यायचं. सुरुवात मूठभरापासून, रोज थोडं वाढवत, नाहीतर हगवण ठरलेली. मक्याच्या कणसाची हिरवी सालंही चालतात. भाताचा पेंढा काही जण घालतात, तो खाली अंथरायला ठीक, त्यात पोसण्यासारखं काही नसतं. अल्फाल्फा नावाचं गवतही मिळतं, ते फक्त पिल्लांना आणि गाभण मादीला, मोठ्याला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

फोंड्याची_सून

डॉक्टरकडे जाईपर्यंत घरातलं माणसांचं औषध देऊ नका एवढंच सांगायला आले. आमच्याकडे दिरांनी सर्दी झाली म्हणून उरलेलं अमॉक्सिसिलिन दिलं होतं, पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली की ह्यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि प्राणीच जातो. आमचा गेला.

आणि बाबूश, दुर्वांचं भारी. चवथीला आमच्याकडे एवढ्या दुर्वा येतात की गणपतीपेक्षा आमची चिंगी जास्त वाट बघते. वाहिलेल्या, हळद-कुंकू लागलेल्या नाही द्यायच्या, आधीच तिची वेगळी जुडी काढून ठेवायची.

आल्तिन्याचा_मास्तर

थोडं अवांतर. हा रोग म्हणजे स्कर्व्ही, वास्को द गामाच्या खलाशांना झाला होता तोच. गंमत म्हणजे १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख ह्या दोघांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घातला, वेगळाच रोग शोधत होते, आणि त्यांना चक्क स्कर्व्ही झाला. प्राण्यांत हा रोग होऊ शकतो हे तेव्हा कळलं आणि पुढे व्हिटॅमिन सीचा शोध सोपा झाला. थोडक्यात, लाडूच्या आजीने पाव घालून तोच प्रयोग डिचोलीत केला.

डिचोलीकर७७

मास्तर 😄 आईला वाचून दाखवलं, ती म्हणते मग माझं नाव छापा.

माई, तुमचं ऐकून दुसऱ्याच दिवशी नेला. डॉक्टरांनी दात बघितले, दात ठीक आहेत, मागच्या पायांचे गुडघे सुजलेत, व्हिटॅमिन सीच कमी म्हणाले. सुईशिवायच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने सिरप द्यायचं दिलंय. वजन ६४० ग्रॅम होतं, आता मुलगी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोप ठेवून त्यात त्याला बसवते आणि वहीत लिहिते. पहिले तीन दिवस ६४० चं ६२५ झालं तेव्हा आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. आज दहावा दिवस, ६७०. काल पिंजऱ्यात एक छोटीशी उडी मारली, जागच्या जागी, पण मारली.

ढोबळी मिरची पहिल्या दिवशी हुंगून सोडली, मग मुलीने कोथिंबिरीच्या काडीत गुंडाळून दिली तर खाल्ली. हरळी परसातलीच, आई स्वतः विळा घेऊन जाते. पोदेराचा भोंपू वाजला की तो अजून तसाच ओरडतो, आई उंडे घेऊन येते, ते आमच्यासाठी ठेवते आणि त्याला हरळीची जुडी देते, तो क्षणभर तिच्या हाताकडे बघतो, मग खातो.

एक राहिलंच. चवथीला आम्ही पाच दिवस माशेलला असतो. ह्याला सोबत न्यायचा की शेजारी ठेवायचा? तिकडे फटाके असतात.

मडगावची_माई

शेजारी ठेवा, पण वजनाची वही आणि ढोबळी मिरची सोबत द्या. आणि पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी फिरते की नाही ते बोट लावून बघायला सांगा, ती अडकली की बाटली भरलेली दिसते आणि आत पिगी तहानलेला.

डिचोलीकर७७

बघितली. खरंच अडकत होती ती. देव बरें करूं, माई.