कैदी रुग्णांच्या वॉर्डातली मारामारी: बंद खोली हवी की नको?

रात्रपाळी_ब्रदर
मी सरकारी मनोरुग्णालयात ब्रदर होतो. एकवीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची पाच कारागृहातून आलेल्या रुग्णांच्या वॉर्डात. कुठलं ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

परवा जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. एका कच्च्या कैद्याने शेजारच्या पलंगावरच्याचं डोकं फरशीवर आपटलं. कारण तंबाखूची पुडी. सात टाके. सकाळी चौकशी कुणाची? ड्यूटीवरच्या ब्रदरची. रात्री अख्ख्या वॉर्डाला तो आणि एक कक्षसेवक. पोलीस गार्ड दाराबाहेर खुर्ची टाकून, कारण त्याचं काम कैदी पळू नये एवढंच. आत कोण कुणाला मारतं ते त्याच्या वहीत येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९७ सांगतं की रुग्णाला एकांतात कोंडायचं नाही. बांधायचं तर तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. माणसं कमी आहेत म्हणून बांधणं तर साफ मना. वाचायला छान. रात्री अडीच वाजता दोघं एकमेकांच्या नरड्याला लागले की मी काय करायचं, ते कलमात नाही.

माझं मत स्पष्ट लिहितो. एक, जो पुन्हा पुन्हा मारतो त्याला काही तास वेगळ्या बंद खोलीत ठेवायची मुभा हवी. दोन, कैदी रुग्णांची सोय तुरुंगाच्या आवारातच हवी, साध्या मनोरुग्णांच्या हद्दीत नको. मार खाणाराही रुग्णच असतो, त्याचे हक्क कुणी मोजत नाही.

तिरकस
खुनी लोकांना मुळात पंखा नि पलंग कशाला? एवढं लिहून थांबतो.

वकीलवाडी
तिरकस, २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांतले ७५.८ टक्के लोक कच्चे कैदी होते. म्हणजे गुन्हा शाबित झालेला नाही. थांबलात ते बरं केलंत.

ब्रदर, आदर राखून असहमत. तुमची दुसरी मागणी तर कायद्यातच आहे. कलम १०३ नुसार प्रत्येक राज्याने किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना उभारायची आहे. भांडायचं तर त्यासाठी भांडूया.

पहिली मागणी मात्र धोक्याची. 'काही तास' हे शब्द आपल्याकडे फार ताणले जातात. आसामच्या माचल लालुंगला १९५१ मध्ये धरला आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात टाकला. १९६७ मध्ये तो बरा असल्याचं कळवलं गेलं, तरी सुटला २००५ मध्ये, एका रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं, खटल्याशिवाय. जी व्यवस्था आख्खा माणूस विसरते ती बंद खोलीतला विसरणार नाही, याची हमी कोण देणार? शिवाय 'पुन्हा पुन्हा मारतो' हे ठरवणार कोण? ज्याची चौकशी लागणार आहे तोच ना?

मुळाकाठ
साठच्या दशकात मुंबईत झोपलेल्यांचे खून करणाऱ्या रमण राघवसारख्याला काय करायचं मग? साध्या वॉर्डात?

वकीलवाडी
त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं म्हणूनच उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप केली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला, मूत्रपिंडाच्या आजाराने. असा एखादा सापडतो आणि मग नियम त्याच्या मापाचा शिवतात. तंबाखूच्या पुडीवरून भांडणारे शेकडो, त्यांनाही तोच सदरा.

निमडॉक्टर
मानसोपचारात एमडी करतोय, म्हणून फक्त एका गोष्टीवर लिहितो, जी वर कुणी काढली नाही. वॉर्डातला 'आक्रमक' माणूस बऱ्याचदा आम्हीच बनवलेला असतो. हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकारावरच्या औषधाने काहींना आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही. त्याला अकॅथिसिया म्हणतात. माणूस येरझारा घालतो, चिडतो, वाटेत येणाऱ्याला ढकलतो. वहीत लिहिलं जातं 'उत्तेजित', आणि उपाय म्हणून त्याच औषधाची आणखी एक सुई. खरं तर डोस कमी करायचा असतो, नाहीतर प्रोप्रॅनोलॉल द्यायचं असतं.

दुसरं बिडीचं. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मनोविकारावरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. बराकीत बिडी मिळते, वॉर्डात बंद. मग गार्डच्या कृपेने पुन्हा चालू. डोस कागदावर तोच, रक्तात मात्र वरखाली. (तंबाखू चघळल्याने हे होत नाही, पण तलफ तुटली की चिडचिड होतेच.) खोली बांधण्याआधी निकोटिनची गोळी तरी द्या हो.

रात्रपाळी_ब्रदर
डॉक्टर, पटलं. येरझारा घालणारे मी खूप पाहिले, आम्ही त्यांना 'पोस्टमन' म्हणायचो. आज वाईट वाटतंय. पण तगमग ओळखायला रात्री डॉक्टर वॉर्डात असावा लागतो, फोनवर नाही.

जुना_जेलर
सगळे रुग्ण साधे नसतात हेही लिहा की कुणीतरी. तारीख जवळ आली की काहींना बरोबर झटका येतो. बराकीत उधारी झालेली असते, वॉर्डात येऊन लपतात. मग तो सावकारही आठवड्याने 'आजारी' पडतो. भांडण बराकीतलं, फुटतं वॉर्डात. माझा ब्रदरला पाठिंबा, खोली हवीच.

लीड्सची_मावशी
मूळची सांगलीची, इंग्लंडात बंदिस्त मनोरुग्णालयात नर्स आहे. आमच्याकडे सगळ्यात धोकादायक रुग्णांसाठी तीन रुग्णालयं: ब्रॉडमूर, रॅम्प्टन, अ‍ॅशवर्थ. त्याखाली मध्यम आणि कमी बंदोबस्ताची. माणूस शांत होत गेला की पायरीपायरीने खाली येतो. आणि हो, बंद खोली आमच्याकडे आहे.

पण ती कशी चालते ते ऐका. आत माणूस गेला की बाहेर एक जण सतत लक्ष ठेवून. दर दोन तासांनी दोन नर्स मिळून तपासणार, सुरुवातीला दर चार तासांनी डॉक्टर. प्रत्येक वेळी लिहायचं: अजून आत का? म्हणजे एक माणूस कोंडायला चार माणसं लागतात. ब्रदर, तुमच्याकडे चार असते तर मारामारी झालीच नसती. भिंती मागू नका, माणसं मागा.

सेफवॉर्ड्स नावाची पद्धत आहे. नियम सगळ्यांना आधी सांगायचे, वाईट बातमी द्यायच्या आधी तयारी करायची, भांडणानंतर वॉर्डाला धीर द्यायचा, असल्या साध्या गोष्टी. २०१५ मध्ये छापलेल्या चाचणीत भांडणतंटा १५ टक्क्यांनी घटला आणि कोंडणं, बांधणं, सुया टोचणं २६.४ टक्क्यांनी. साध्या वॉर्डांतली चाचणी होती, कैद्यांची नव्हे, हे खरं. पण जामीन नाकारल्याची बातमी गार्डने जाताजाता दारातून ओरडून सांगायची नाही, एवढं शिकायला इंग्लंड लागत नाही.

रात्रपाळी_ब्रदर
मावशी, माणसं मागून मागून निवृत्त झालो.

धाकटा_भाऊ
पहिल्यांदाच लिहितोय. माझा मोठा भाऊ अशा वॉर्डात सात महिने होता. मार खाणाऱ्यांतला. डॉक्टरांनी दोन महिन्यांत ठीक म्हटलं; पुढचे पाच महिने गार्ड मिळत नाही म्हणून तारखा चुकल्या. रोज कुणीतरी त्याच्या ताटातली भाजी घ्यायचा. नाही म्हटलं की मार. तक्रार केली नाही, कारण त्याला परत त्याच बराकीत जायचं होतं आणि 'खबरी' म्हणवून घ्यायचं नव्हतं. वहीत त्याच्या नावावर एकही भांडण नाही. 'शांत, सहकार्य करतो' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं.

खोली हवी की नको, मला ठरवता येत नाही. पण खोली झाली असती तर मारणाऱ्याआधी माझा भाऊच तिथे जायला तयार झाला असता. दार आतून लावता येईल का, एवढंच विचारलं असतं त्याने.

वकीलवाडी
तारखा चुकल्याचे कागद असतील तर जपून ठेवा. रोजनामा (कोर्टाची तारीखवार नोंद) आणि रुग्णालयाचा 'ठीक आहे' दाखला, दोन्हींच्या प्रमाणित प्रती काढा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

रात्रपाळी_ब्रदर
धाकटा भाऊ, 'शांत, सहकार्य करतो' हे मी पाच वर्षं रोज लिहिलं. ज्यांच्याकडे बघायला वेळ झाला नाही, त्यांच्यापुढे.