मदत हवी आहे: टीव्हीवरचे कार्यक्रम साठवण्यासाठी जुना संगणक वापरावा की रेकॉर्डिंगचा बॉक्स घ्यावा?

नमस्कार.

चोपडा तालुक्यातील आमच्या गावी आई-आप्पांसाठी टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवण्याची सोय करायची आहे. त्यासाठी घरातला जुना संगणक कामाला लावावा की रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट टॉप बॉक्स आणावा, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. कृषिपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच वीज मिळते. त्या दिवसांत आप्पा लवकर जेवण उरकून केळीला पाणी द्यायला जातात आणि सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या व शेतीविषयक कार्यक्रम त्यांचे हुकतात. आईची एक मालिका आहे, ती इतक्यात संपण्याची चिन्हे नाहीत. हे सगळे मोबाइलवर पाहता येईल हे मला ठाऊक आहे; पण आमच्याकडे रेंज मिळते ती धाब्यावर चढल्यावर, घरात नाही.

छतावर डीडी फ्री डिशची छत्री आहे आणि टीव्हीला तिचा साधा जुना बॉक्स. संगणक चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा असून त्यात एक टीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० आल्यापासून, म्हणजे २०१५ पासून, मीडिया सेंटरचा (टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या विंडोजमधल्याच प्रोग्रॅमचा) मार्ग बंद झाला. त्यामुळे लिनक्स टाकून त्यावर रेकॉर्डिंगसाठी टीव्हीहेडएंड आणि पाहण्यासाठी कोडी, शिवाय छत्रीचे सिग्नल संगणकात घेणारे एक डीव्हीबी-एस२ ट्यूनर कार्ड, असा माझा विचार आहे. वाहिनीचा प्रवाह सेकंदाला चार मेगाबिटचा धरला तर तासाला साधारण १.८ जीबी जागा लागते, म्हणजे डिस्कवर पाचशे तासांहून अधिक रेकॉर्डिंग मावेल. एकाच ट्रान्सपाँडरवरच्या (उपग्रहावरून एकाच लहरीवर एकत्र येणाऱ्या) दोन-तीन वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात, हे मला सर्वांत उपयोगाचे वाटते.

दुसरा पर्याय म्हणजे बाजारात मिळणारा, यूएसबीवर रेकॉर्डिंग करणारा फ्री डिशचा बॉक्स. पेनड्राइव्ह लावला की काम सुरू, आणि रिमोट आप्पांच्या सवयीचा. मात्र त्यात ट्यूनर एकच असतो. एका वाहिनीचे रेकॉर्डिंग चालू असताना दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरची वाहिनी पाहता येत नाही, आणि बातम्या व मालिका एकाच वेळी असल्या की घरात वाद ठरलेला.

संगणकाबद्दल माझ्या मनात तीन शंका आहेत. पहिली विजेची: रेकॉर्डिंगच्या मध्येच वीज गेली तर फाइल वाया जाते का, आणि वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होऊन उरलेले काम पुढे नेतो का? दुसरी बिलाची: पन्नास वॅटचा संगणक चोवीस तास चालला तर महिन्याला छत्तीस युनिट होतात, बॉक्स दहा वॅटचा धरला तर सातच. तिसरी शंका शहरातल्या माणसाला कदाचित पटणार नाही. भाव वाढेल या आशेने आम्ही कापूस घरातच साठवून ठेवतो, टीव्हीची खोली त्याला लागून आहे, आणि त्याचे तंतू पंख्याबरोबर संगणकात ओढले जाऊन प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. त्यात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश. अशा ठिकाणी पंख्याचे यंत्र ठेवावे का?

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, आपली पहिली शंका सहज सुटण्यासारखी आहे. टीव्हीहेडएंड प्रक्षेपणाचा प्रवाह जसाच्या तसा टीएस फाइलमध्ये ठेवू शकते. त्या प्रकारात शेवटी सूची लिहिण्याची गरज नसल्यामुळे वीज गेली तरी तोपर्यंतचा भाग चालतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. तरीही लहानसा यूपीएस घ्याच, कारण वारंवार वीज तुटण्याचा फटका रेकॉर्डिंगपेक्षा डिस्कला अधिक बसतो. बिलाचे म्हणाल, तर संगणक चोवीस तास जागा ठेवण्याचे कारणच नाही. ठरलेल्या वेळेआधी तो झोपेतून उठेल अशी व्यवस्था लिनक्समध्ये करता येते, फक्त ती बसवताना चिकाटी लागते.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही. छत्रीच्या एलएनबीला (छत्रीसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) केबल जोडायचे एकच तोंड असेल, तर साधा स्प्लिटर लावून जुना बॉक्स आणि संगणक दोन्ही त्यावर चालवू नका. ट्यूनर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून ध्रुवण, म्हणजे उभ्या की आडव्या लहरी घ्यायच्या ते, निवडतो. दोघांनी वेगवेगळे मागितले की एकाच्या वाहिन्या जातात. दोन तोंडांचा एलएनबी आणि दुसरी केबल टाका. ती टाकली की आपल्या घरातला वादही मिटतो: रेकॉर्डिंग संगणक करील आणि त्याच वेळी आई जुन्या बॉक्सवर मालिका पाहतील.

खासगी डीटीएचच्या रेकॉर्डिंग बॉक्सचा विचार मनात आला तर एवढे लक्षात ठेवा, की त्यातले रेकॉर्डिंग सहसा कूटबद्ध असते आणि त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स बिघडला की साठवलेलेही गेले.

कापसाबाबत मात्र माझे मत संगणकाच्या विरुद्ध आहे. जाळी लावली तरी ती दर आठवड्याला झटकणार कोण? आपण गावी राहत नसाल, तर यूएसबीचा बॉक्स घ्या आणि पेनड्राइव्हऐवजी लहान एसएसडी लावा. ती फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केली तर चार जीबीच्या पुढे एक फाइल जात नाही, बॉक्स तिचे तुकडे करील. ते चालण्यासारखे आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. मी जळगावला असतो आणि सुट्टीलाच गावी जातो, म्हणून झटकण्याचा मुद्दा निर्णायक ठरतो. संगणक कापसापासून दूर, ओसरीलगतच्या खोलीत ठेवून टीव्हीपर्यंत लांब एचडीएमआय केबल न्यावी असेही सुचले होते. पण मग रिमोटचा संकेत भिंतीपलीकडे पोहोचत नाही आणि आप्पांना कीबोर्ड हाती देणे मला पटत नाही. दोन तोंडांचा एलएनबी घेतोच. त्याच्या दुसऱ्या तोंडावर रेकॉर्डिंगचा दुसरा बॉक्स जोडून जुना बॉक्स आईसाठी ठेवला, तर दोघांचे भागेल असे दिसते. आता एवढेच कळवावे: दोन्ही बॉक्स एकाच टीव्हीखाली ठेवल्यावर एका रिमोटने दोघांनाही आज्ञा जाऊ नये, यासाठी वेगळ्या बनावटीचा बॉक्स घेणे पुरेसे असते का? आणि वीज जाऊन आल्यावरही टायमर लक्षात ठेवणारा बॉक्स कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का?