नाईट ड्युटीत भूकंपाचा धक्का. मोठा बसला तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

नवी_एमओ: इंटर्नशिप उरकून पाटण तालुक्यातल्या एका छोट्या रुग्णालयात मेडिकल ऑफिसर (एमओ) म्हणून रुजू झालेय. पुढे इमर्जन्सी मेडिसिनमध्येच एमडी करायचंय. परवा मध्यरात्रीनंतर विंचू चावलेल्या पोराला प्राझोसिन हे औषध देऊन बीपी बघत होते, तेवढ्यात जमिनीखालून घरघर आली. सलाईनचे स्टँड एकमेकांवर खणखणले, ड्रेसिंगची ट्रॉली आपोआप भिंतीला जाऊन टेकली. बापाने एका हातात पोरगं, दुसऱ्या हातात सलाईनची बाटली घेऊन थेट अंगण गाठलं. सिस्टरनी मात्र आधी ऑक्सिजन सिलिंडरची साखळी ओढून बघितली, मग म्हणाल्या, "कोयनेचाच हाय मॅडम, बसा." मी अकोल्याची, मला कुठली बसवतेय!

रात्री आम्ही तिघंच: मी, सिस्टर आणि वॉर्डातले मामा. जिपा भरभरून जखमी आले तर? पीएसएमला (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विषयाला) ट्रायाज, म्हणजे कुणावर आधी उपचार करायचे याची वर्गवारी, शॉर्ट नोटपुरतंच वाचलंय.

कराडचा_ऑर्थो: आधी वर्गवारी, मग उपचार. खणखणीत आवाजात सांगा, "चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली जा." ते हिरवे, थांबू शकतात. उरलेल्यांत श्वास मिनिटाला 30 च्या वर, मनगटाला नाडी नाही किंवा सांगितलेलं कळत नाही, तर लाल, म्हणजे सगळ्यात आधी. बाकी पिवळे, लालनंतर. वायुमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तो काळा, म्हणजे वाचण्याची आशा नाही. तिथे सीपीआरला (छाती दाबत) बसायचं नाही. नव्या डॉक्टरला नेमकं हेच जड जातं.

दुसरं, पाय तासन् तास ढिगाऱ्याखाली दबलेला माणूस. बोलतोय, पाणी मागतोय, म्हणून फसू नका. दाब सुटला की चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. शक्य असेल तर बाहेर काढण्याआधीच एनएस (नॉर्मल सलाईन) सुरू करा, प्रौढाला तासाला साधारण एक लिटर. आरएल (रिंगर लॅक्टेट हे दुसरं सलाईन) नको, त्यात पोटॅशियम असतं. ईसीजीत टी ही लाट उंच दिसली, म्हणजे पोटॅशियम वाढलं, की कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन. लघवी चहासारखी झाली की डायलिसिसची सोय आहे तिथे हलवा.

हेळवाकचे_आजोबा: डॉक्टरीणबाई, 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा मोठा भूकंप झाला, तवा मी शाळकरी पोर होतो. पहाटेचे चार वाजून गेलेले, थंडी कडाक्याची, सगळी घरात झोपलेली. दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. दीड-दोनशे माणसं गेली, जखमींची तर गणतीच न्हाय. डॉक्टरपेक्षा आधी शेजारी पोचला, हातानं दगड उपसत. म्हणून सांगतो, हे पोटॅशियमचं गावातल्या पोरांना आधी शिकवा. आणि पाऊसकाळ सरून धरण भरलं की बारकं धक्के येत्यातच. त्याला एवढं भ्यायचं न्हाय.

नवी_एमओ: आजोबा, गणपती मंडळाच्या पोरांना सिस्टरनी रविवारी बोलावलंय. सर, कपाट उघडून बघितलं तर आरएलचे बॉक्सच बॉक्स, एनएस जेमतेम. इंडेंट (मागणीपत्र) टाकलंय. पण मोठ्या स्टोअरची चावी फार्मासिस्टकडे आणि ते कराडहून येऊन-जाऊन करतात. दुसरी चावी सिस्टरकडे ठेवायला लेखी परवानगी लागते म्हणे. कुणाकडे अशा अर्जाचा नमुना आहे का?