मदत हवी आहे : रीसेट केल्यापासून फायबरचा मोडेम नेटच पकडत नाही

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात राहतो. परवा लाइट जाऊन आल्यावर नेट बंद पडलं. कस्टमर केअरवाल्याने "मागचं बटण टाचणीने दाबून धरा" म्हणून सांगितलं आणि मीही शहाण्यासारखं दाबलं! वायफायचं नाव-पासवर्ड तर गेलंच, पण आतलं पीपीपीओई (कंपनीच्या नेटला लॉगिन करायचं) युजरनेमही पुसलं गेलं असावं.

आता स्थिती अशी : पॉनचा (फायबरने कंपनीशी जोडलं गेल्याचा) दिवा हिरवा, स्थिर. एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा बंद. म्हणजे वायर तुटलेली नाही, उजेड मोडेमपर्यंत येतोय. फक्त इंटरनेटचा दिवा लाल. लॅपटॉप केबलने जोडून मोडेमच्या सेटिंगचं पान १९२.१६८.१.१ उघडलं, मोडेमवर चिकटवलेल्या पासवर्डने आतही गेलो. वॅनच्या (बाहेरच्या नेट-जोडणीच्या) पानावर युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (कंपनीने त्या जोडणीसाठी ठरवलेला आकडा) मागतोय. कनेक्शनच्या वेळचा कागद आईने रद्दीत घातला.

व्हीलॅनचा आकडा कंपनीकडूनच घ्यावा लागतो की मोडेममध्ये कुठे सापडतो? की कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबू? तो दोन दिवस "आज येतो दादा" म्हणतोय. मुलीचा सोमवारी ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे, मोबाइलचा डेटा दुपारीच संपतो.