भत्ता होता, पण अख्ख्या घराचा हिशोब मागून
1930 च्या दशकातल्या ब्रिटनचं रेडिओ, सिनेमा, हप्त्यावरचं घर असं जे सुखाचं चित्र रंगवलं जातं, ते लंडनच्या उपनगरांसारख्या भागांपुरतं खरंय. पण त्यासोबत 'बेकारांनाही भत्ता मिळतच होता की' असं जे म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. 1931 पासून बेकारी विम्याचा भत्ता 26 आठवड्यांत संपायचा आणि पुढे 'मीन्स टेस्ट', म्हणजे कमाई आणि मालमत्तेची चौकशी, लागायची, तीही एकट्या माणसाची नव्हे, अख्ख्या घराची. तपासनीस घरात शिरून खुर्च्या, कपाटं, असलाच तर पियानो बघायचा; विकण्याजोगं काही दिसलं की आधी ते विका म्हणायचा.

मुलगी दुकानात चार शिलिंग कमवू लागली की बापाचा भत्ता कापला जायचा. मग साउथ वेल्स, डरहॅम या बेकारीग्रस्त खाणपट्ट्यांतली कमावती पोरं दुसरीकडे भाड्याने राहायची, काही नुसती कागदोपत्री! मला तर तंगीपेक्षा पोरीच्या पगारावर जगण्याची ही बोचच मोठी वाटते. हा कौटुंबिक हिशोब बंद झाला थेट 1941 मध्ये, ऐन युद्धात.