प्रवासात स्वतःची पाठ थोपटावीशी कधी वाटली?

गेल्या महिन्यात एका आडबाजूच्या स्थानकावर गाडीची वाट बघत साडेतीन तास बसले होते. फोनची बॅटरी संपत आलेली, सोबत कुणी नाही. एरवी अशा वेळी मी फलाटावर येरझाऱ्या घालते आणि दिसेल त्याला 'काही कळलं का हो?' असं विचारत सुटते. त्या दिवशी पाय वर घेऊन बाकावर बसून राहिले. एक मुंगी माशीचा पंख ओढत फरशीच्या फटीकडे नेत होती. वारा आला की पंख शिडासारखा उभा राहायचा आणि मुंगी पंखासकट उलटी व्हायची. दोनदा उलटली. तिसऱ्यांदा ती फटीच्या तोंडाशी पोचली आणि नेमकी तेव्हाच गाडी आली. मला चक्क राग आला गाडीचा! डब्यात चढताना मनात आलं, बरी आहे की मी सोबतीला.

म्हणून हा धागा. ठिकाणांची वर्णनं नकोत, कुठे काय बघावं तेही नको. प्रवासात, लांबच्या किंवा कोपऱ्यापर्यंतच्या, स्वतःचं कौतुक वाटलं असा एखादा प्रसंग लिहा. कुणी 'छान केलंस' म्हटलं की आपण लगेच 'छे, त्यात काय!' म्हणून मोकळे होतो. इथे 'त्यात काय' म्हणायला सक्त मनाई आहे.

०००

वय ५४. गेल्या वर्षी पहिल्यांदा एकटी गेले. प्रवासाची भीती नव्हती, भीती होती ती संध्याकाळी जेवणघरात एकटीनं बसण्याची. चार खुर्च्यांचं टेबल आणि तीन रिकाम्या. वाढणाऱ्या मुलानं 'अजून कुणी येणार आहे का?' असं विचारलं आणि मी 'हो' म्हणाले. का म्हणाले, ते विचारू नका. मग त्या न येणाऱ्या माणसाची वाट बघणं आलं. समोरच्या भिंतीवर 'आग लागल्यास काय करावे' असा फलक होता, तो मी तीनदा वाचला. आजही पाठ आहे.

रात्री लेकीला फोन केला तर ती हसत सुटली. ती मानसशास्त्र शिकते. म्हणाली, २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काही विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचा भलामोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून, इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्या जणांच्या नजरेत आला असेल. प्रत्यक्षात तो जेमतेम पाव मुलांच्याच लक्षात आला. 'आई, तुझ्याकडे कुणीही बघत नाहीये,' असं तिनं ठासून सांगितलं. ऐकून जरा अपमानच वाटला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या संध्याकाळी तोच मुलगा आला. 'आजही दोघं?' म्हणजे त्याच्या तरी लक्षात राहिलं होतं! 'एकटीच,' मी म्हणाले आणि खिडकीकडची खुर्ची ओढून घेतली.

०००

ताई, तुमच्या त्या न आलेल्या पाहुण्याला माझा नमस्कार.

माझं कौतुक सामानापुरतंच. १८८९ साली नेली ब्लाय नावाची अमेरिकन पत्रकार हातातली एकच छोटी बॅग घेऊन निघाली आणि ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. मी चार दिवसांसाठी दोन बॅगा न्यायचो, त्यातली एक 'असू दे, लागलं तर' ची. यंदा पाठीवरच्या एका पिशवीत सगळं बसवलं. विमानतळावर लोक पट्ट्याभोवती ताटकळत उभे असताना मी शीळ घालत बाहेर पडलो. टॉवेल घरीच राहिला होता, पण ते रात्री कळलं.

०००

मी तोतरा बोलतो. शंभरात साधारण एक माणूस तोतरा असतो म्हणतात, पण दुसरा तोतरा सहसा भेटत नाही, कारण आम्ही सगळे गप्प बसण्यात तरबेज असतो. आमची एक युक्ती असते. एखादा शब्द अडणार हे दोन शब्द आधीच कळतं, मग ऐनवेळी त्याच्या जागी दुसरा घालायचा. 'पाणी' अडलं की 'तहान लागली' म्हणायचं. यामुळे माझा शब्दसंग्रह फार चांगला आहे, हा एक फायदा.

पण गावाच्या नावाला दुसरा शब्द नसतो. स्वतःच्या नावालाही नसतो, म्हणून ही दोन नावं आम्हाला सगळ्यांत जड जातात. मी कॉलेजला जायचो त्या स्थानकाचं नाव 'ब'नं सुरू व्हायचं. तिकीट खिडकीत एक हात, मागे रांग आणि माझे ओठ मिटलेले. तीन वर्षं मी त्याच्या पुढच्या स्थानकाचं तिकीट काढलं, कारण ते नाव 'अ'नं सुरू व्हायचं आणि तोंडातून सुटायचं. पैसे जास्त जायचे. घरी हिशेब देताना खोटं बोलायचो. मित्रांना वाटायचं, याचं तिकडे काहीतरी प्रकरण आहे! मी ते वाटू दिलं.

पुढे तिकिटाची यंत्रं आली, मग फोनवर तिकीट आलं आणि प्रश्नच मिटला. म्हणजे मिटला असं मी धरून चाललो होतो. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४१ व्या वर्षी, वाक्-उपचार घ्यायला लागलो. तिथे शिकवतात ते अगदी उलटं. शब्द बदलायचा नाही. अडला तर अडू द्यायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि अडखळत का होईना तोच शब्द पुरा करायचा.

एका रविवारी मुद्दाम त्याच मार्गावर गेलो. खिशात फोन असून रांगेत उभा राहिलो. 'ब' वर अडलो, चांगला पाच-सहा सेकंद. पाच सेकंद म्हणजे किती असतात, हे ज्याचा शब्द अडलाय त्यालाच माहीत. खिडकीतल्या माणसानं वर बघितलं. मी नजर हटवली नाही. नाव पूर्ण बाहेर आलं. 'एक का?' त्यानं विचारलं. बस, एवढंच.

ते तिकीट पाकिटात जपून ठेवलंय. शाई उडत चालली आहे, छापील कागदाचं असंच होतं. बायको म्हणाली, फोटो काढून ठेव. काढला.

०००

दादा, काय लिहिलंत! यापुढे 'त्यात काय' म्हणायची बंदी मोडायचा प्रश्नच नाही. (मीच ती मुंगीवाली.)

०००

विरोधी सूर चालेल का? एकटीनं प्रवास करणं मला अजिबात आवडलं नाही. सगळे म्हणतात, स्वतःची नव्यानं ओळख होते. झाली ना! दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की मला कुणाला तरी 'अगं, ते बघ' म्हटल्याशिवाय काही दिसतच नाही. सहा दिवसांचं ठरवून गेले होते, चौथ्या दिवशी घरी. आधी सबबी तयार केल्या होत्या, तब्येतीची आणि हवामानाची. घरात शिरल्यावर एकही वापरली नाही. 'करमेना, म्हणून आले,' एवढंच सांगितलं. त्याचंच कौतुक.

०००

वरचा अनुभव वाचला म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. मीही परत फिरलेला माणूस. शिखर ४,२०० मीटरचं होतं, मी ३,८०० वर थांबलो.

आदल्या रात्रीपासून डोकं ठणकत होतं. पहाटे बुटाची नाडी बांधायला वाकलो तर पोटात ढवळून आलं. पुस्तकात वाचलेलं सगळं ठाऊक होतं. साधारण २,५०० मीटरच्या वर हा त्रास सुरू होऊ शकतो. हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच उतरलेला असल्यानं दर श्वासागणिक तो कमी मिळतो. त्रास असताना आणखी वर चढायचं नाही आणि वाढला तर खाली उतरायचं, हा पहिला नियम. जिवावर बेतलेली माणसं बहुधा हा नियम न पाळणारीच असतात. हे सगळं माहीत असूनही तासभर मी कुणाला काही बोललो नाही. वर्षभर जिने चढून तयारी केली होती. शिवाय गटात माझ्याहून वयानं मोठी दोन माणसं मजेत चालत होती.

शेवटी वाटाड्यानं विचारलं, 'डोकं?' मी म्हणालो, 'थोडं.' मग स्वतःच दुरुस्त केलं, 'थोडं नाही, खूप.' ही दुरुस्ती म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य.

त्याच्या साथीदाराबरोबर खाली आलो. सहाशे मीटर उतरलो तेव्हा डोकं एवढं हलकं झालं की आता पुन्हा वर जावं असं वाटलं, आणि मग रडू आलं. बाकीचे दुपारी शिखराचे फोटो घेऊन परतले. त्या फोटोंत मी नाही. पहिली दोन वर्षं तो विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जायचो. आता बसून राहतो. पाठ वगैरे अजून थोपटली नाही, पण हात तिथवर पोचायला लागलाय.

०००

परक्या जागी पहिल्या रात्री मला झोप लागत नाही. घरचे 'घरकोंबडा' म्हणायचे आणि मलाही ते पटलं होतं. मग कळलं की हे बहुतेकांचं होतं. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की नव्या जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीकशा आवाजालाही सावध असतो. म्हणजे माझा अर्धा मेंदू रात्रभर पहाऱ्यावर बसतो. बिचारा!

तेव्हापासून कूस बदलत पडून राहणं सोडलं. चारला उठतो आणि शाल गुंडाळून बाहेर बसतो. एकदा अंगणात लाल फुलांचं एक झुडूप होतं. अंधारात फुलं दिसत होती ती काळी, अगदी कोळशासारखी. उजाडू लागलं तशी आधी पानं उजळली, राखाडीतून हळूहळू हिरवी होत. फुलं मात्र तशीच काळी. वाटलं, सुकलेली असणार. आणि मग, सूर्य यायला थोडा अवकाश असताना, त्यांत लाल भरायला लागलं.

मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून असं होतं. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे सुमारे २०० वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय. पहाटे फुलं बघत बसणारा तोही माझ्यातलाच! आता नव्या जागी गेलो की झोप नाही आली तरी चालतं. फक्त आधी दिवसाउजेडी एखादं लाल फुलांचं झाड हेरून ठेवतो.

०००

माझ्या प्रवासाला तुम्ही प्रवास म्हणाल की नाही, माहीत नाही. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. दर गुरुवारी नणंद येते तेव्हा मला तीन तास मिळतात. सुरुवातीला त्या तीन तासांत मी घरातलीच कामं उरकायची. एके दिवशी बाहेर पडले, समोर आली त्या बसमध्ये चढले आणि शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं. तिथे काही म्हणजे काही नाही. एक झाड, एक बाक, वळण घेणाऱ्या बस. दहा मिनिटं बसले आणि त्याच बसनं परत आले. आता दर गुरुवारी जाते. चालक ओळखीचा झालाय. मी तिथे कुणाला भेटायला जाते, असं त्याला वाटतं.

जाण्यापेक्षा परतीचा रस्ता लहान वाटतो, यावर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये अभ्यास केलाय, हे मुलानं वाचून दाखवलं. जाताना आपण वेळ कमी धरतो, मग रस्ता लांबल्यासारखा वाटतो. येताना तो हिशेब सुधारलेला असतो, म्हणून येणं लवकर उरकतं. असेल. मला परतीचा रस्ता लहान का वाटतो, ते सांगायला संशोधक नको.

मागच्या गुरुवारी नणंद म्हणाली, 'वहिनी, आज उशीर केलास तरी चालेल.' मी एक बस सोडली.

०००

जेवणघरातला तो आगीचा फलक खरंच पाठ आहे का, असं तिघांनी विचारलं आहे, म्हणून लिहिते. पहिली सूचना, घाबरू नये. दुसरी, लिफ्ट वापरू नये. तिसरी, सामानासाठी मागे फिरू नये. चौथी अर्धीच दिसायची, तिच्यापुढे फुलदाणी होती.